कुत्रा पाळण्याचं रोजचं सुख: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘कुत्रा आणावा का?’ असं कुणी विचारलं की लस, खर्च, जागा, केस, वास अशी यादी लगेच पुढे येते. ती लागतेच, खाली तिलाही जागा दिली आहे. पण ज्याच्यापायी माणसं हा सगळा व्याप हौसेने ओढवून घेतात, त्याबद्दल ‘फार प्रेमळ असतात हो’ यापलीकडे सहसा कुणी काही सांगत नाही. म्हणून इथे तोच भाग आधी, आणि जास्त.

कुत्र्यामुळे रोजच्या जगण्यात नेमका काय फरक पडतो?

एक तर सकाळ टळत नाही. कुत्र्याला सुट्टीचा दिवस कळत नाही. ठरल्या वेळेला तो पलंगापाशी येऊन उभा राहतो. आधी नुसता बघतो. मग ओलं, गार नाक हाताला लावतो. तरीही तुम्ही पांघरूण ओढून घेतलंत, तर तुम्हाला ऐकू जाईल असा एक मोठा सुस्कारा सोडतो. मग उठावंच लागतं. मन थाऱ्यावर नसलेल्या दिवसांत हे ‘उठावंच लागणं’ फार कामाला येतं. स्वतःसाठी जे करायचा कंटाळा येतो, ते आपल्यावर अवलंबून असलेल्या जिवासाठी माणूस निमूटपणे करतो.

दुसरा फरक घराच्या शांततेत पडतो. रिकाम्या घरातली शांतता अंगावर येते. कुत्रा झोपलेल्या घरातली येत नाही. फरशीवर नखांची टकटक, पाणी पितानाचा लपलप आवाज, झोपेत पाय हलवत काढलेलं एखादं दबकं ‘वुफ’. संध्याकाळी तुम्ही बसलात की तो येतो, जागच्या जागी दोन-तीन गिरक्या घेतो, धपकन अंग टाकतो आणि हनुवटी नेमकी तुमच्या पावलावर टेकवतो. कुत्र्याच्या अंगाचं तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं, आपल्यापेक्षा एक-दोन अंशांनी जास्त, त्यामुळे ती ऊब लगेच जाणवते. थोड्या वेळाने पायाला मुंग्या येतात, पण पाय काही काढवत नाही.

आणि हसू. रोज निदान एकदा तरी तो असं काहीतरी करतोच की चिडायचं ठरवलेलं असूनही हसू फुटतं.

त्याचं प्रेम माझ्यावर असतं की खाण्याच्या वाटीवर?

दोन्हींवर, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. २०१६ साली अमेरिकेतल्या एमोरी विद्यापीठात १५ कुत्र्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग करून हेच तपासलं होतं. कुत्र्यांना भूल दिलेली नव्हती, मशीनमध्ये स्वस्थ पडून राहायला शिकवलेलं होतं. एका खुणेनंतर खाऊ मिळायचा, दुसऱ्या खुणेनंतर मालक समोर येऊन कौतुक करायचा. १५ पैकी ९ कुत्र्यांच्या मेंदूत दोन्हींना सारखाच प्रतिसाद दिसला, ४ कुत्र्यांना कौतुक जास्त भावलं आणि दोघांना खाऊ. आपल्या घरातले महाशय त्या दोघांपैकी निघाले तर नशीब म्हणायचं. तसं निघालं तरी सवयीने तो तुमचाच होतो.

त्याच प्रयोगशाळेत आधी वेगवेगळे वास देऊनही पाहिलं होतं. ओळखीच्या आणि अनोळखी माणसांचे, ओळखीच्या आणि अनोळखी कुत्र्यांचे, आणि त्याचा स्वतःचा. सुखद गोष्टीची चाहूल लागली की मेंदूचा जो भाग जागा होतो, तो सगळ्यात जास्त जागा झाला घरातल्या माणसाच्या वासाला. तुमचा न धुतलेला मोजा तो गादीत का नेऊन ठेवतो, याचं उत्तर बहुधा इथेच आहे.

घरी आल्यावर दारात जो तमाशा होतो, तो रोज खरा असतो का?

खरा असतो. स्वीडनमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कुत्र्यांना अर्धा तास, दोन तास आणि चार तास घरी एकटं ठेवून मालक परतल्यावर ते काय करतात ते पाहिलं. अर्ध्या तासापेक्षा दोन तासांनंतरचं स्वागत जास्त जोरदार होतं. दोन आणि चार तासांत मात्र फारसा फरक नव्हता. म्हणजे कोपऱ्यावर जाऊन आलात तर शेपटीची दखल, आणि दोन तासांपुढे सगळा साग्रसंगीत सोहळा.

या स्वागताची खरी किंमत वाईट दिवशी कळते. दिवसभरात तुमचं काय चुकलं, कोण काय बोललं, याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. चप्पल काढायच्या आत तो अंगभर वळवळत असतो. दाराबाहेरून घेऊन आलेलं डोक्यातलं सगळं दोन मिनिटं तरी बाजूला पडतं.

जाता जाता एक सूचना. उडी मारून अंगावर येणं पिल्लूपणी गोड वाटतं, पण तीस किलोच्या कुत्र्याचं तेच वागणं पाहुण्यांना गोड वाटत नाही. चारही पाय जमिनीवर असतानाच त्याच्याकडे लक्ष द्यायचं, हा नियम घरातल्या सगळ्यांनी पाळला तर बहुतेक कुत्री शिकतात. एकाने पाळला आणि दुसऱ्याने मोडला, तर कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं काय आणि नाही काय.

तो डोळ्यांत बघतो तेव्हा आतून बरं वाटतं. हे मनाचे खेळ आहेत का?

त्याला शरीराचाही आधार आहे. जपानमधल्या आझाबू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली दाखवलं की कुत्रा आणि मालक एकमेकांकडे बराच वेळ बघत राहिले तर दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आई आणि तान्ह्या बाळाची माया घट्ट करणारं हेच ते संप्रेरक. माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांमध्ये मात्र असं काही आढळलं नाही.

२०१९ साली आणखी एक गंमत पुढे आली. आतली भुवई वर उचलणारा एक छोटासा स्नायू कुत्र्यांमध्ये चांगला विकसित झालेला असतो, लांडग्यांमध्ये तो जवळजवळ नसतोच. भुवई वर गेली की डोळे मोठे आणि केविलवाणे दिसतात. ते बघून हजारो वर्षं कुणीतरी आपल्या पानातला घास काढून दिला असणार, आणि असं बघू शकणारी कुत्री टिकली असणार. तेव्हा जेवताना ‘नको बघूस असा’ म्हणणारे तुम्ही पहिले नाही.

रोज फिरायला नेण्याचा फायदा कुत्र्याला होतो की मला?

सुरुवातीला वाटतं आपण त्याला नेतोय. महिन्याभरात कोण कुणाला नेतंय ते कळतं. ब्रिटनमध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असं दिसलं की आठवड्याला दीडशे मिनिटांच्या व्यायामाची शिफारस पूर्ण करण्याची शक्यता कुत्रा असलेल्या माणसांमध्ये इतरांपेक्षा चौपट होती. व्यायामाला जायचं म्हणून भरलेली फी वाया जाते, पण पट्ट्याची कडी वाजली की दारात नाचणाऱ्या प्राण्याला ‘आज नको’ म्हणून दाखवा बरं.

या फिरण्याचा वेग मात्र तुमच्या हातात नसतो, आणि मला विचाराल तर तेच त्यातलं उत्तम. तो एका खांबापाशी थांबतो. गवताच्या एकाच पातीवर नाक रोखून उभा राहतो. हुंगताना कुत्रा सेकंदाला पाचेक वेळा हवा आत ओढतो आणि श्वास नाकपुड्यांच्या बाजूच्या चिरांमधून मागे सोडतो, त्यामुळे पुढचा वास विस्कटत नाही. कोण येऊन गेलं, केव्हा गेलं, हे त्याचं वाचन चाललेलं असतं. त्याला ओढू नका. तेवढ्या वेळात तुम्ही वर बघा. झाडाला पालवी आलीय, कुणाच्या तरी खिडकीत नवी कुंडी दिसतेय, आज वारा उलट्या दिशेने वाहतोय. गाडीवरून जाताना यातलं काही दिसत नाही. फोन खिशात ठेवलात तर हा दिवसातला सगळ्यात मोकळा वेळ ठरतो.

आणि माणसं भेटतात. ब्रिटनमधल्या वॉरिक विद्यापीठातल्या संशोधकांनी २००० साली पाहिलं होतं की बरोबर कुत्रा असला की अनोळखी लोक कितीतरी जास्त वेळा थांबून बोलतात. फिरायच्या वाटेवरच्या ओळखी गमतीच्या असतात. कुत्र्याचं नाव, वय, पोटाची तक्रार, सगळं ठाऊक असतं, आणि मालकाचं नाव वर्षभर विचारायचं राहून जातं.

कुत्र्यामुळे हृदयविकार टळतो, असं ऐकलं. खरं आहे का?

‘टळतो’ म्हणणं जास्त होईल. १९८० साली अमेरिकेत हृदयविकारातून वाचलेल्या ९२ रुग्णांचा वर्षभर मागोवा घेतला होता. घरी पाळीव प्राणी असलेल्या ५३ जणांपैकी ३ दगावले, प्राणी नसलेल्या ३९ पैकी ११. त्या आकड्यांनी खूप लोकांचं कुतूहल चाळवलं. पुढे २०१७ साली स्वीडनमधल्या ४० ते ८० वयाच्या ३४ लाख लोकांच्या नोंदी तपासल्या. एकट्या राहणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे कुत्रा होता, त्यांच्या मृत्यूचा धोका कुत्रा नसलेल्या एकट्या माणसांपेक्षा ३३ टक्के कमी दिसला.

पण यात एक मेख आहे. मुळात धडधाकट, हिंडतंफिरतं माणूसच कुत्रा पाळायचा विचार करतं, त्यामुळे श्रेय कुत्र्याचं किती आणि आधीच्या तब्येतीचं किती, हे वेगळं काढणं अवघड जातं. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१३ साली कुत्रा पाळण्याचा हृदयाला फायदा होत असावा असं मान्य केलं, आणि त्याच निवेदनात, केवळ हृदयविकाराचा धोका कमी करायला म्हणून प्राणी आणू नये, असंही बजावलं. गोळी म्हणून आणलेल्या कुत्र्याचे हाल होतात.

मी एकटा राहतो. कुत्र्याची सोबत म्हणजे नुसती मनाची समजूत तर नाही?

समजूत नाही. कारण सोबतीला संभाषण लागतंच असं नाही. तुम्ही स्वयंपाकघरात गेलात की तो तिथे येतो, बाहेरच्या खोलीत आलात की तिथे. न्हाणीघराचं दार लावलंत तर फटीतून एक नाक दिसतं. तुमच्या हालचालींची कुणीतरी नोंद घेतंय, ही भावना एकट्या माणसाला फार दुर्मीळ असते.

शिवाय तुम्ही बोलायला लागता. ‘चल, दूध तापवू या’, ‘बघ, परत पाऊस’, ‘आता या किल्ल्या गेल्या कुठे?’ घरात आवाज फिरायला लागतो. रात्री कसलीशी खुडबुड झाली, तर आधी त्याच्या कानांकडे बघायची सवय लागते. त्याने कान टवकारले नाहीत म्हणजे विशेष काही नाही, झोपा. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला ४५ हजारांच्या आसपासचे. पहारा त्याच्याकडे सोपवायला हरकत नाही.

मात्र माणसांना टाळायची सोय म्हणून कुत्रा आणू नका. तुम्ही आजारी पडलात तर त्याला बाहेर कोण नेणार, एवढ्या एका प्रश्नासाठी तरी दोन माणसं जोडून ठेवावीच लागतात.

मी रडलो की तो जवळ येतो. त्याला माझं दुःख कळतं का?

काहीतरी नक्कीच कळतं. लंडनमध्ये २०१२ साली १८ कुत्र्यांसमोर एकदा मालकाने आणि एकदा अनोळखी माणसाने बोलून, गुणगुणून आणि रडण्याचं सोंग करून पाहिलं. रडण्याकडे कुत्री जास्त ओढली गेली, अनोळखी माणूस रडला तरीही त्याच्याकडेच गेली, आणि तीही शांतपणे, मान खाली घालून. २०२२ साली बेलफास्टमध्ये असं दिसलं की माणूस ताणाखाली आला की त्याच्या घामाचा आणि श्वासाचा जो वास बदलतो, तो कुत्र्यांना बहुतेक वेळा बरोबर ओळखता येतो.

‘कशामुळे’ हे त्याला कळत नाही, आणि खरं तर तीच सोय आहे. तो सल्ला देत नाही. ‘माझंही असंच झालं होतं’ म्हणून स्वतःची कहाणी लावत नाही. मांडीवर डोकं ठेवतो आणि बसून राहतो.

माणसांपेक्षा कुत्र्याजवळ मला जास्त मोकळं वाटतं. माझं काही बिघडलंय का?

नाही. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ४५ स्त्रियांना तोंडी गणितं करायला दिली होती. कुणी एकटीने, कुणी जिवलग मैत्रिणीसमोर, कुणी आपल्या कुत्र्यासमोर. मैत्रीण शेजारी असताना नाडी आणि रक्तदाब सगळ्यात जास्त वाढले, कुत्रा शेजारी असताना सगळ्यात कमी. मैत्रीण कितीही जिवाभावाची असली तरी ती चूक पकडू शकते. कुत्र्याला पाढे येत नाहीत.

शेपूट हलवतोय म्हणजे खूश आहे ना?

नेहमी नाही. सैल, अंगासकट हलणारी शेपूट म्हणजे आनंद. ताठ उभी करून जलद थरथरणारी शेपूट म्हणजे जरा थांबा. इटलीतल्या संशोधकांनी २००७ साली असंही पाहिलं की मालक दिसला की शेपूट थोडी जास्त उजवीकडे झुकते आणि अनोळखी, दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे. नुसत्या डोळ्यांनी हे ओळखणं कठीण, पण बघत बसायला मजा येते.

घरात लहान मूल आहे. कुत्रा आणावा का?

मोठ्यांची तयारी असेल तर जरूर. कुत्र्याबरोबर वाढणाऱ्या मुलाला एक गोष्ट न शिकवता कळते: समोरच्याला बोलता येत नसलं तरी त्याला काहीतरी हवं असतं आणि काहीतरी नको असतं. वाचताना अडखळणारी मुलं कुत्र्यासमोर बिनधास्त मोठ्याने वाचतात, कारण तो हसत नाही आणि उच्चार सुधारत नाही. याच विचारातून अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत १९९९ साली मुलांनी कुत्र्यांना गोष्टी वाचून दाखवण्याचा उपक्रम सुरू झाला आणि पुढे तो अनेक देशांत पोचला.

दम्याची भीती बऱ्याच पालकांना वाटते. स्वीडनमधल्या मुलांच्या नोंदींवरून २०१५ साली असं दिसलं की जन्मानंतरच्या पहिल्या वर्षी घरात कुत्रा असलेल्या मुलांना शाळेच्या वयात दमा असण्याचं प्रमाण १३ टक्क्यांनी कमी होतं. पण ज्याला कुत्र्याची ॲलर्जी असल्याचं आधीच माहीत आहे, त्याच्यासाठी हा उपाय नव्हे. तिथे डॉक्टरांनाच विचारा.

दोन गोष्टींत तडजोड नको. लहान मूल आणि कुत्रा यांना एकट्याने एका खोलीत सोडायचं नाही, कुत्रा कितीही गरीब असला तरी. आणि खात असताना, झोपलेला असताना त्याला हात लावायचा नाही. तो गुरगुरला तर ओरडू नका. गुरगुरणं ही त्याने दिलेली सभ्य सूचना आहे. ओरडून ती बंद पाडलीत, तर पुढच्या वेळी तो सूचना न देताच दात लावेल.

‘मूल कुत्र्याचं सगळं करेल’ या बोलीवरही आणू नका. पंधरा दिवस करेल. नंतर तुम्हालाच करावं लागेल.

आईवडील वयस्कर आहेत. त्यांना पिल्लू भेट द्यावं का?

पिल्लू शक्यतो नकोच. पिल्लू म्हणजे रात्री दोनदा उठणं, दिसेल ते चावणं आणि पायांत घोटाळणं. जोरात ओढणाऱ्या कुत्र्यामुळे वयस्कर माणसं पडतात आणि हाडं मोडतात. शांत स्वभावाचा, चार-पाच वर्षांचा, पट्ट्यावर नीट चालणारा कुत्रा त्यांना जास्त मानवतो. आणि आधी त्यांना विचारा. जिवंत प्राणी ही अचानक हातात ठेवायची भेट नाही.

रात्री पलंगावर झोपू द्यावं का?

खोलीत जरूर, पलंगावर आपापल्या जबाबदारीवर. २०१७ साली अमेरिकेत ४० जणांच्या झोपेची नोंद ठेवली होती. कुत्रा खोलीत असला तरी माणसांची झोप चांगली लागत होती, पलंगावर असला की ती थोडी खालावत होती. ज्याने मध्यरात्री पलंगाच्या कडेला चार बोटं जागेवर अंग चोरून झोपून पाहिलंय, त्याला हे सांगायला संशोधन लागणार नाही. तरीही बरेच जण पलंगावर घेतातच. पायाशी असलेलं ते ऊबदार ओझं एकदा सवयीचं झालं की त्याच्याशिवाय पलंग ओकाबोका वाटतो.

जातिवंत घ्यावा की रस्त्यावरचा?

सुखात काही फरक पडत नाही. जात बघायचीच तर कामापुरती बघा: मेंढ्या राखायला तयार केलेल्या जातीला दिवसभर उद्योग लागतो, चपट्या नाकाच्या जातींना उकाडा आणि धाप सोसत नाही. पिल्लू आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेलं नसावं. आणि साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात त्याने माणसं, आवाज, गाड्या, छत्र्या असं जितकं पाहिलेलं असेल, तितकं ते पुढे कमी घाबरतं.

दिवसभर घरी कुणी नसतं. तरी चालेल?

मोठा कुत्रा दिवसातले बारा-चौदा तास झोपण्यात घालवतो, त्यामुळे तीन-चार तास एकटं राहणं त्याला जमतं. पण सकाळी आठला कुलूप आणि रात्री आठला उघडणार, असं रोज असेल तर थांबा. मधे येऊन त्याला बाहेर नेणारं कुणी मिळत नसेल तर तुम्हाला वाटणारं सुख एकतर्फी होईल. एकटेपणाने पिसाटलेला कुत्रा सोफा फाडतो, आणि मग ‘कुत्रा वाईट निघाला’ असं म्हटलं जातं.

आता त्रासही सांगा.

सांगतो. केस सगळीकडे: काळ्या कपड्यांवर, डाळीच्या डब्यात, चष्म्याच्या घडीत. पाऊस पडला की ओल्या कुत्र्याचा वास. पिल्लूपणी चार्जर, चपला, टेबलाचे पाय. गोचीड आणि पिसवा बघत राहाव्या लागतात, जंताचं औषध वेळेवर द्यावं लागतं. बाहेर त्याने केलेली घाण उचलावी लागते, रोज, पिशवी घेऊन, न चुकता. प्रवासाला जाताना त्याची सोय आधी आणि तिकिटं नंतर. खर्चाचं म्हणाल तर खाण्यापेक्षा दवाखान्याचा धक्का मोठा असतो, तेव्हा त्यासाठी थोडे पैसे बाजूला असावेत.

काही खाणं त्याला विषासारखं आहे: चॉकलेट, द्राक्षं आणि मनुका, कांदा, लसूण, आणि बिनसाखरेच्या गोळ्यांत वगैरे असणारं झायलिटॉल. शिजवलेली हाडंही नकोत, त्यांचे कपचे होतात.

रेबीजची लस कधीही चुकवू नका. माणसाला होणाऱ्या रेबीजमध्ये ९९ टक्क्यांपर्यंत प्रकरणं कुत्र्यांमुळे होतात, आणि लक्षणं दिसू लागल्यावर जीव वाचणं जवळजवळ अशक्य असतं. कोणताही कुत्रा चावला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच डॉक्टरांकडे जायचं. हळद, मिरची, चुना असले प्रयोग नकोत.

यादी लांबलचक आहे खरी. पण वर सांगितलेलं सुख याच कामांच्या पोटात असतं. ब्रश फिरवताना तो डोळे मिटून अंगावर रेलतो. ते काम दुसऱ्याकडे सोपवलंत की ते रेलणंही त्याच्याकडे जातं.

कुत्र्याचा एवढा लाड हे आजकालचं खूळ नाही का?

जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल इथे १९१४ साली सुमारे १४ हजार वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलं. एक पुरुष, एक स्त्री आणि एक कुत्रा. कुत्रा जेमतेम सात महिन्यांचा होता. त्याचे दात पुढे तपासल्यावर दिसलं की तो काही आठवडे गंभीर आजारी होता, बहुधा डिस्टेंपर नावाच्या कुत्र्यांच्या विषाणूजन्य आजाराने. अशा आजारातून पिल्लू आपलं आपण निभावत नाही, कुणीतरी त्याला ऊब, पाणी आणि घास दिला असणार. त्या काळात ते शिकारीला किंवा राखणीला काही उपयोगाचंही नव्हतं. तेव्हा खूळ म्हणा हवं तर, पण आजकालचं नाही.

कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात, हे खरं का?

सोपं आहे म्हणून टिकलं, पण खरं नाही. २०२० साली लॅब्राडॉर कुत्र्यांच्या डीएनएवरून काढलेल्या हिशेबात वर्षाचा कुत्रा तिशीच्या माणसाजवळ जातो आणि १२ वर्षांचा सत्तरीच्या. सुरुवातीला तो फार भरभर वाढतो, नंतर वेग मंदावतो.

म्हातारपणाबद्दल दोन शब्द, कारण त्याचा कुणी विचार करत नाही. पिल्लाचे फोटो सगळे काढतात, पण माझ्या मते कुत्र्याची सगळ्यात छान वर्षं शेवटची असतात. तोंड पांढरं झालेलं, धावपळ संपलेली, घरातल्या सगळ्यांच्या वेळा पाठ. चेंडू फेकलात तर तो बघतो, मग तुमच्याकडे बघतो, आणि ‘तूच आण’ असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसतं. या काळात गुळगुळीत फरशीवर एखादं जाजम टाका, फिरणं छोटं पण वरचेवर ठेवा, आणि सहा महिन्यांनी डॉक्टरांना दाखवत राहा.

तो आपल्याआधी जाणार, हे माहीत असताना जीव का लावायचा?

या प्रश्नाला पटेलसं उत्तर नाही. बहुतेक कुत्री दहा ते तेरा वर्षं जगतात, लहान चणीची थोडी जास्त, अवाढव्य जातींची बरीच कमी. तो गेला की माणूस खचतो आणि वर ‘कुत्राच तर होता’ हे ऐकावं लागतं. असं म्हणणाऱ्याशी वाद घालू नका. दुःख होणारच, कारण दिवसातल्या डझनभर छोट्या सवयी एकदम रिकाम्या पडतात: दार सावकाश उघडणं, पोळीचा शेवटचा तुकडा बाजूला ठेवणं, खाली बघून पाऊल टाकणं. त्या सवयी जायला वेळ लागतो. कुणाला महिन्यात दुसरा कुत्रा हवासा वाटतो, कुणाला पाच वर्षांनीही नाही. दोन्ही ठीक.

कुत्रा पाळणं आत्ता शक्य नाही, पण सहवास हवाय. काय करू?

शेजाऱ्यांकडे किंवा मित्राकडे कुत्रा असेल तर आठवड्यातून दोनदा त्याला फिरवायची जबाबदारी मागून घ्या, बहुतेक मालक आनंदाने देतील. प्राण्यांच्या निवाऱ्यांना फिरवायला, आंघोळ घालायला, नुसतं जवळ बसायला माणसं हवी असतात. काही ठिकाणी थोड्या दिवसांसाठी कुत्रा घरी सांभाळायला देतात. त्यात सकाळी उठवणारं ओलं नाक, केस आणि सोफा हे सगळंच अनुभवून होतं. पहिल्या दिवशी जुने कपडे घालून जा आणि खिशात खाऊ ठेवा.